स्वस्त डिझेलची फुशारकी

खाली बसा आणि नीट ऐका. महाराष्ट्रातल्या कागलचे लोक सीमा ओलांडून आपल्या निपाणीच्या पंपांवर टाकी भरायला यायचे, हे तुम्ही छाती फुगवून सांगता. त्यात तुमचं कर्तृत्व काय? जून २०२४ मध्ये बेंगळुरूच्या सरकारने विक्रीकर वाढवला आणि डिझेल लिटरमागे सुमारे तीन रुपयांनी चढलं. तुम्हाला कुणी विचारलं होतं? देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. होर्मुझच्या सामुद्रधुनीत बिनसलं की तेल चढतं आणि निपाणीच्या बाजारात भाजी महागते. भूगोल पाठ करून मार्क मिळवलेत, उपयोग शून्य!

शेतात तरी काय दिवे लावताय? ऊस गेला की पाचटाला काडी. वर्षभराचं खत एका दुपारी जाळायचं आणि मग युरियाच्या पोत्यासाठी सोसायटीपुढे उभं राहायचं. युरिया होतो नैसर्गिक वायूपासून, आणि त्या वायूचाही मोठा वाटा जहाजातून येतो. पाचट सरीत कुजवलं तर ओल टिकते, पाण्याची पाळी लांबते, मोटर कमी चालते. हे तुम्हाला ठाऊक आहे. अंग मोडायचा कंटाळा, दुसरं कारण नाही.

तीच गत गोबरगॅसची. दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नासेक किलो शेण पुरतं. एका घराची चूल चालते, वर शेतासाठी मळी मिळते. गोठ्यात चार-पाच जनावरं असताना, वडिलांनी बांधलेली टाकी बुजवून तुम्ही सिलिंडरची वाट बघत बसता. लाज वाटायला हवी.

‘गावात एकी होत नाही, सर,’ हे माझ्यापुढे बोलू नका. १९८१ च्या मार्चमध्ये तंबाखूच्या भावासाठी याच निपाणीजवळ तुमचे आजोबा शेतकरी संघटनेच्या शरद जोशींबरोबर पुणे-बेंगळूर रस्ता अडवून बसले. तीन आठवडे बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. त्या माणसांची नातवंडं शेणाची टाकी चालू ठेवू शकत नाहीत?

आणि शेजारच्या हुक्केरीकडे बघा. तिथे १९६९ पासून ग्रामीण विद्युत सहकारी संघ तालुक्याला वीज पुरवतो. वीज बाहेरून विकत येते, हे खरं. पण खांब, तारा, वसुली, दुरुस्ती संघाची. भांडणं तिथेही होतात. म्हणून कुणी संघ मोडून टाकला नाही. आपल्या गावात चार घरांनी मिळून एक सौरपंप घ्यायचा म्हटलं, तर तुम्ही आधी बांधाचा वाद काढता.

शनिवारी सकाळी गोठा असलेल्या प्रत्येक घराची यादी घेऊन या. कुणाच्या टाकीला तडा आहे, कुणाचा पाइप गंजलाय, तेही लिहा. गवंडी मी बोलावतो. आणि या हंगामात कुणाच्या रानात पाचटाचा धूर दिसला, तर मी बांधावर येऊन चारचौघांत विचारीन.