जमिनीची प्रत

एखादी वस्तु मोजतां आली म्हणजे ती आपणांस कळली, असा मनुष्याचा समज होतो. आणि कळली म्हणजे तिच्याविषयीं निर्णय करण्याचा अधिकारहि मिळाला, हा दुसरा समज पहिल्याच्या पाठोपाठ येतो. पहिला समज निदान अर्धा तरी खरा आहे. दुसऱ्याची मात्र परीक्षा झाली पाहिजे. हा प्रश्न केवळ तार्किकांच्या वादाचा नव्हे. पुण्याहून एका दिवसांत जाऊन येण्यासारख्या मुळशीच्या खोऱ्यांत तो प्रत्यक्ष उभा आहे.

भूमीचें मापन हल्लीं ज्या थराला पोंचलें आहे तें पाहून कोणीहि चकित व्हावें. आपल्या नागपुरास मृदा-सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था असून तिनें साऱ्या देशाच्या मातीचे नकाशे केले आहेत. हॉलंडांतील वाखेनिंगेन येथील संस्थेनें तर पृथ्वीवरील भूभागाचे अडीचशें मीटरांचे चौकोन पाडून प्रत्येकांतील मातीची आम्लता, चिकणमातीचा अंश, सेंद्रिय कर्ब यांचे अंदाजी आंकडे संगणकांत सांठविले आहेत. अंदाजी म्हणण्याचें कारण असें कीं, प्रत्येक चौकोनांत कोणी खड्डा खणलेला नाहीं. जेथें खणला तेथील परीक्षणाचे आंकडे घ्यावयाचे. उंची, उतार, हवामान आणि उपग्रहांनीं टिपलेलीं चित्रें यांच्याशीं त्यांचा संबंध जुळवावयाचा. आणि त्या बळावर न खणलेल्या जागेचें अनुमान करावयाचें. धुरावरून अग्नि ओळखणारे आमचे नैयायिक हें पाहून संतुष्ट झाले असते. मात्र व्याप्ति कोठें मोडते, हेंहि त्यांनीं लागलीच विचारलें असतें.

मुळशींत ती बांधाबांधावर मोडते. उतारावर नाचणी-वरईची वरकस जमीन, आणि तिच्या पायथ्याशीं भाताचीं खाचरें. अडीचशें मीटरांच्या एकाच चौकोनांत हीं दोन्ही सहज मावतात. चौकोनाच्या वांट्याला त्यांची सरासरी येते. पण शेतकऱ्याला सरासरींत भात लावावयाचा नसतो. शिवाय खाचर ही निसर्गानें आयती दिलेली वस्तु नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, वाहून जाणारी माती अडवून, ती मनुष्यानें घडविली आहे. नकाशांत हे श्रम मातीचा गुण म्हणून उमटतात. श्रम म्हणून उमटत नाहींत.

ही प्रतबंदी नवी नाहीं. १८३० च्या सुमारास प्रिंगलसाहेबांनीं या प्रांतांत निव्वळ उत्पन्नाचा हिशेब करून सारा बसविला. सिद्धांत पुस्तकांत निर्दोष होता. परंतु आंकडे चुकीचे निघाले, सारा डोईजड झाला, आणि कित्येक रयतांनीं जमिनी सोडल्या. पुढें १८३५-३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुरापासून नवी मोजणी सुरू केली. मातीची खोली व रंग पाहावयाचा, चुनखडी, वाळू, उतार हे दोष वजा करावयाचे, आणि सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती लावावयाच्या, अशी ती पद्धति होती. तिच्यामुळें साऱ्याचा भार पुष्कळ हलका झाला, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. मापन हें जात्याच वाईट नव्हे. २०१५ सालीं सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेंतहि मातीचे बारा गुण तपासून खताचा सल्ला दिला जातो, आणि त्यानें अंधळा खर्च टळूं शकतो. फक्त एवढेंच विसरूं नये कीं जिरायतींत दहा हेक्टरांस एक नमुना घ्यावयाचा असें ठरल्यामुळें पत्रिकेवर नांव एकाचें आणि माती शेजाऱ्याची, असेंहि घडूं शकतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मुळशीच्या मावळ्यांनीं टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. त्यांतूनच पांडुरंग महादेव बापट हे सेनापति बापट झाले. लढा १९२४ पर्यंत चालला, धरण झालें, मुळेचें पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला उतरून वीज देऊं लागलें. त्या वेळीं जमिनीविषयीं सरकार अज्ञानांत होतें काय? मुळींच नाहीं. तिची प्रत दप्तरांत होती, १८९४ चा भूसंपादनाचा कायदा होता, मोबदल्याचा हिशेबहि होता. उणीव ज्ञानाची नव्हती. ज्याची जमीन त्याला विचारण्याची होती.

यावर कोणी म्हणेल कीं, विजेचा लाभ लाखों लोकांना झाला, आणि तिच्या विरुद्ध लिहिणारा प्राध्यापकहि विजेच्याच दिव्याखालीं लिहितो. आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मला बोंचतोहि. परंतु लाभ मोठा असला म्हणजे संमति अनावश्यक होते, असें त्यावरून निघत नाहीं. उलट ज्यानें दुसऱ्याच्या हानीचा लाभ घेतला त्याचें ऋण लाभाच्या प्रमाणांत वाढतें.

आज मातीचा कोणताहि नकाशा काढून पाहावा: मुळशीच्या जलाशयाच्या जागीं निळा रंग आहे, आणि त्याखालीं बुडालेल्या खाचरांचा आंकडा नाहीं. नकाशा खोटें बोलत नाहीं. आहे तें सांगतो, होतें तें सांगत नाहीं. याच तालुक्यांत हिंजवडीला संगणकांच्या मोठ्या कचेऱ्या जेथें उभ्या आहेत, तेथेंहि पूर्वीं शेतें होतीं. भूमीचे आंकडे सांठविणारें यंत्र भूमीवरच उभें राहतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

म्हणून माझें म्हणणें इतकेंच: जाणण्यानें अधिकार वाढत नाहीं, जबाबदारी वाढते. ज्याला अमुक खाचर उत्तम आहे हें कळलें, त्याला तें न कळतां बुडविण्याची सबबहि उरली नाहीं. नकाशे अवश्य करावे, अधिक बारीक करावे. परंतु निर्णय होण्यापूर्वीं ते ग्रामसभेंत मराठींत उलगडून ठेवावे, आणि ‘साहेब, हा चौकोन चुकला आहे’ असें म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या साक्षीलाहि दप्तरांत जागा असावी. मातीची प्रत आपण आतां पुष्कळ अचूक ठरवूं शकतों. तिच्यावर राबणाऱ्याला आपण किती आण्यांचा मानतों, यावरून आपली प्रत ठरेल.