व्यतिरेकाची वाट

नसण्यापासून असण्याचे ज्ञान होते काय, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी केवळ वादविलासाचा मानला नव्हता. उत्तरकालीन वैशेषिकांनी अभावाला सातव्या पदार्थाचे स्थान दिले आणि कुमारिलांच्या अनुयायांनी अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण ठरविले, ते याच प्रश्नाच्या ओढीने. त्याचे प्रयोगसिद्ध उत्तर इतक्या स्वच्छ स्वरूपात मला सापडले ते मात्र पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या पेशीत, म्हणजे रँडी शेकमन यांनी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे केलेल्या संशोधनात.

पेशीत तयार झालेली प्रथिने इवल्या पुटिकांत भरून पृष्ठभागाकडे रवाना होतात, हा मार्ग जॉर्ज पॅलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखविला होता आणि 1974 च्या नोबेल पारितोषिकाने त्यांचा गौरवही झाला होता. परंतु चित्र कितीही सुस्पष्ट असले तरी हा सारा बंदोबस्त कोण राखतो, हे चित्रावरून कळत नाही. आर्थर कॉर्नबर्ग यांच्या हाताखाली जीवरसायनाचे शिक्षण घेतलेले शेकमन 1976 साली बर्कलीस आले, आणि ज्या यीस्टचा त्यांना पूर्वानुभव नव्हता तेच त्यांनी या शोधासाठी निवडले. अनुदानाचा पहिला अर्ज नामंजूर झाला, तरी त्यांनी तजवीज बदलली नाही.

त्यांनी व त्यांचे विद्यार्थी पीटर नोविक यांनी केले ते असे : यीस्टच्या जनुकांत यदृच्छेने दोष उत्पन्न करून, 25 अंश सेल्सिअसला निर्वेध वाढणारी परंतु 37 अंशांवर स्राव थांबविणारी वाणे त्यांनी शोधली. 1979 साली वर्णिलेल्या पहिल्या वाणात, उष्णता वाढताच, बाहेर पडू न शकलेल्या पुटिकांनी पेशी खच्चून भरली. ती पुन्हा थंड केली की तुंबलेला स्राव बाहेर पडू लागे. कारण असता कार्य असते आणि कारण नसता कार्य नसते, हा अन्वय आणि हा व्यतिरेक एकाच जिवंत पेशीत, तापमानाच्या बारा अंशांच्या अंतरात, दृग्गोचर झाला! पुढची युक्ती तर मला त्याहून मनोहर वाटते. स्राव अडलेल्या पेशीचा पृष्ठभाग वाढत नाही, पण आत प्रथिने तयार होतच राहतात, म्हणून ती अधिक घन होते आणि दाट द्रावणात इतरांच्या खाली जाऊन बसते. या तळच्या पेशी वेचता वेचता 1980 पर्यंत 23 जनुकांचा छडा लागला. मग दोन दोष एकाच पेशीत एकत्र आणून पाहिले, तेव्हा मार्गातील आधीच्या टप्प्याचा अडथळाच दिसून येई, आणि त्यावरून टप्प्यांचा अनुक्रमही निश्चित झाला.

व्यतिरेकाची मर्यादाही येथेच कळते. अमुक नसले की काम अडते, एवढे तो सांगतो. ते असताना काय करते, हे सांगत नाही. जेम्स रॉथमन यांनी उलट दिशेने, सस्तन प्राण्यांच्या फोडलेल्या पेशींचे घटक परीक्षानळीत जुळवून, वाहतूक पुन्हा घडवून आणली, आणि त्यांना मिळालेले एक प्रथिन व शेकमन यांच्या यादीतील अठराव्या जनुकाचे प्रथिन परस्परांचे प्रतिरूप ठरले. या दोघांसह, मज्जापेशींतील स्रावाचे नियमन उलगडणारे थॉमस सुडहॉफ 2013 च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. ज्या पहिल्या जनुकाच्या दोषाने यीस्ट तुंबले, त्याच कुळातील प्रथिनावाचून आपल्या मेंदूतील संदेशवहनही चालत नाही.

येथे मला विद्यारण्यांची आठवण होते. पंचदशीच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी हीच रीत आत्मविचाराला लावली : स्वप्नात स्थूल देहाचे भान नसते तरी साक्षी असतो, सुषुप्तीत सूक्ष्म देहाचेही नसते तरी साक्षी असतोच, म्हणून देह तो आत्मा नव्हे. दोहोंतील साधर्म्याने मी हर्षित होतो, पण विज्ञानाने वेदान्ताला दाखला दिला, अशी घाईची द्वाही मी फिरविणार नाही. कारण सुषुप्तीत भान असतेच कशावरून, असा आक्षेप नैयायिकांनी पूर्वीच घेतला आहे आणि तो क्षुल्लक नाही. शिवाय बर्कलीच्या प्रयोगात पेशीची दोन्ही रूपे पाहणारा पेशीबाहेर उभा होता. साक्षीचा अभाव पाहण्यास मात्र असा दुसरा कोणी मिळत नाही, आणि ज्याचा व्यतिरेक घडवून दाखविता येत नाही त्याला कारणांच्या यादीत कोणत्या क्रमांकावर लिहावे, हे मला या संशोधनातून उमगत नाही; पेशीच्या कारभाराचा हिशेब इतका चोख लागल्यानंतर तर हा प्रश्न मला अधिकच टोचतो.