विष उतरल्यावर

यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या पावसाळ्याअखेरीस कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. 20 हून अधिक जण दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याला लागली होती. पंपाचा फवारा थेट तोंडा-डोळ्यांवर येई, सदरा घामाने आणि औषधाने भिजे, आणि दोन-तीन कीटकनाशके एकाच टाकीत मिसळण्याचा प्रघात होताच. वाचलेले लोक दवाखान्यातून घरी गेले आणि मोजदाद तिथेच थांबली. मज्जातंतूंची इजा मात्र अनेकदा त्यानंतरच दिसू लागते.

कीटकनाशकांच्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील विष शरीरातील ॲसिटिलकोलिनेस्टेरेज हे विकर निकामी करते. मग मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा इशारा थांबतच नाही: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, छाती भरते, स्नायू फडफडतात. ॲट्रोपिन या उताऱ्याने यातली बरीच लक्षणे आटोक्यात येतात. दुसऱ्या टप्प्यात, एक ते चार दिवसांत, मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. अशा वेळी कृत्रिम श्वासावर माणूस तगतो.

तिसरा टप्पा उशिरा येतो, साधारण दोन-तीन आठवड्यांनी. या गटातील काही द्रव्ये मज्जापेशीतील दुसऱ्याच एका विकराला चिकटतात आणि लांब तंतू टोकाकडून झिजू लागतात. ॲट्रोपिनचा इथे उपयोग नाही. शरीरातले सर्वांत लांब तंतू पायाचे, म्हणून सुरुवात तिथूनच: पोटऱ्यांत गोळे, तळव्यांना मुंग्या, मग पाऊल लोंबते आणि चालताना गुडघा उंच उचलावा लागतो. हाताची पकड नंतर सुटते. अमेरिकेत 1930 मध्ये भेसळीच्या आल्याच्या अर्कामुळे हजारो लोक असेच पांगळे झाले. भेसळ याच गटातल्या एका रसायनाची होती. मात्र सगळ्याच कीटकनाशकांत हा धोका सारखा नसतो, आणि मिश्रण फवारलेल्या माणसाच्या बाबतीत कोणत्या द्रव्याने काय केले हे सांगणे अवघड असते. मधुमेह, बी-12 ची कमतरता, दारू आणि कुष्ठरोग यांनीही हातपाय बधिर होतात. ती कारणे तपासल्याशिवाय निदान पुरे होत नाही.

फवारणीचे काम बहुतेक तरण्या माणसांकडे असते. म्हातारपणी पाय अडखळले तर घर सांभाळून घेते. पस्तिशीत पाऊल लोंबले तर रोजगारच जातो. काळ्या चिखलाच्या रानात लोंबते पाऊल रुतते. रात्रीची वीज आली की ओलिताला अंधारात जावे लागते, आणि पायाची जाणीव गेलेला माणूस डोळ्यांच्या आधाराशिवाय तोल सांभाळू शकत नाही. कापूस वेचताना सुकल्या बोंडाची टोके बोटांना टोचतात; बधिर बोटांना ते कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून रोज झोपण्यापूर्वी तळवे पाहणे, बंद पायताण वापरणे, पाऊल उचलून धरणारी पट्टी बांधणे आणि नियमित व्यायाम हाच खरा उपचार ठरतो. झिजलेला तंतू अनुकूल स्थितीतही दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढतो, म्हणजे सुधारणेचा हिशेब महिन्यांचा, कधी वर्षांचा. पाठीच्या कण्यातले तंतूही दुखावले असतील तर पायात ताठरपणा कायमचा राहतो.

मृतांच्या कुटुंबांना 2 लाख रुपयांची मदत जाहीर झाली. वाचून अधू झालेल्याला मात्र आपली इजा सिद्ध करावी लागते. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये चलनवलनाचे दिव्यांगत्व आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार दोन्ही येतात. बहुतेक सवलतींसाठी 40 टक्क्यांची अट आहे. त्यासाठी विषबाधेची तारीख, द्रव्याचे नाव आणि दवाखान्यातून सुटीचा कागद जपून ठेवणे फार महत्त्वाचे. त्याच कागदावर तीन आठवड्यांनी पाय आणि पकड तपासायला बोलावल्याची नोंद असायला हवी. सुटी देतानाच ही तारीख ठरली तर पट्टी आणि व्यायाम वेळेवर सुरू होतात. सातबारा नसलेल्या मजुराला तर या कागदाची सर्वांत जास्त गरज आहे, कारण शेतकऱ्यांसाठीच्या अपघात योजना सातबाऱ्यावरून माणूस ओळखतात आणि दुसऱ्याच्या रानात पंप पाठीवर घेणारा त्यातून सुटतो.