तीन दाण्यांचा मागचा जन्म

निवृत्त झाले तरी गणित शिकवण्याची खोड जात नाही. नागपूरच्या जरीपटक्यातल्या आमच्या घरी चौकोनी फरशा आहेत. त्यांवर मी चवळीचे तीन दाणे एका ओळीत मांडते. नियम गणितज्ञ जॉन कॉन्वे यांच्या खेळाचे, १९७० साली प्रसिद्ध झालेले. प्रत्येक चौकोनाला आठ शेजारी चौकोन. त्यांत दोन किंवा तीन दाणे असले तर दाणा जगतो, नाहीतर मरतो. रिकाम्या चौकोनाशेजारी नेमके तीन दाणे असले की तिथे नवा जन्मतो. आडवी ओळ उभी होते, उभी पुन्हा आडवी. मधला तेवढा टिकतो, टोकाचे दोघे दर खेपेला नवे.

शेजारचे सिंधी गृहस्थ, जन्म कापडाच्या दुकानात गेलेला, म्हणाले, "मॅडम, हाच पुनर्जन्म. मागच्या जन्माचा हिशोब चुकत नसते."

पहिलं वाक्य मला चालतं. मिलिंद राजाला भिक्खू नागसेनानेही सांगितलंच होतं, पुन्हा जन्मणारा तोच नसतो आणि दुसराही नसतो. अडतं ते हिशोबापाशी.

मी चौथा दाणा दूर, एकटा ठेवला. पुढच्या पावलाला तो मेला, तिघे नेहमीसारखे वळले. आता ज्याने फक्त हे दुसरं पाऊल पाहिलं, त्याने सांगावं, चौथा होता की नव्हता? नियम काटेकोर, तरी पुढे वाट एक आणि मागे अनेक. काही मांडण्यांना तर भूतकाळच नसतो; त्या हातानेच मांडाव्या लागतात. त्यांना 'ईडनची बाग' म्हणतात. कॉन्वेच्या खेळातली पहिली रॉजर बँक्स यांनी १९७१ मध्ये दाखवली.

फरशी म्हणजे जग नव्हे, कबूल. पण माझ्या आजोबांना त्यांची जातच गतजन्मीच्या पापाचा पुरावा म्हणून दाखवली गेली होती. ते १४ ऑक्टोबर १९५६ ला बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला दीक्षाभूमीवर होते. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये कर्माचा नियम ठेवला आणि गतजन्मीच्या कर्माचं ओझं नाकारलं. लोकांना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही: कार्यकारणभाव मानला म्हणून खतावणी मानावी लागत नाही.

"वर कोणी लिहून ठेवत असन तर?" गृहस्थांनी विचारलं.

"असेल. पण ती वही तुम्ही पाहिली नाही, मीही नाही. मग माणसाच्या जातीवरून ती वाचून दाखवणाऱ्यांनी कुठे पाहिली?"