गुणाचा मान व माणसाचा मान



गेल्या हिवाळ्यात दापोली तालुक्यातील केळशी गावी जाण्याचा प्रसंग आला. ओहोटी झाली म्हणजे तेथील किनाऱ्यावरची ओली वाळू अंगणासारखी घट्ट होते, आणि मग गावातील मुले तेथे क्रिकेटचा डाव मांडतात. एका संध्याकाळी मी तो डाव पाहत उभा होतो. त्यांत एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा फार सुरेख चेंडू टाकीत होता. त्याचा बाप माझ्याजवळच उभा होता. तो म्हणाला, “पाळकसाहेब, ह्याला खेळातच घालावा म्हणतो. शिकून आमच्यातल्या कितीकांना मान मिळाला? खेळात एकदा नाव काढले की मग जात कोणी विचारीत नाही.”

मी त्यास तेथल्या तेथे उत्तर दिले नाही. एस.टी.त बसून परत येत असता मात्र तो प्रश्न माझ्याबरोबर आला, व अद्यापि तो मला सोडून गेलेला नाही. मनुष्याने आपल्या अंगच्या गुणाने मान मिळविला, तर तो मान खरोखर त्याचा होतो काय? की तो त्याच्या हाताचा, त्याच्या चेंडूचा असतो, आणि हात थकला की परत मागितला जातो? पोटासाठी खेळणाऱ्या मनुष्याच्या आयुष्यात हा प्रश्न जितका उघडा दिसतो तितका इतरत्र क्वचितच दिसतो. म्हणून आपल्याच मुलखातील एका खेळाडूची हकीकत आज वाचकांपुढे ठेवितो.

त्यांचे नाव पालवणकर बाळू. कोकणातील पालवण ह्या गावावरून त्यांच्या घराण्यास हे आडनाव मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात, चांभार समाजाच्या एका कुटुंबात, धारवाड येथे त्यांचा जन्म झाला, आणि वडिलांच्या लष्करी नोकरीमुळे ते पुण्याकडे वाढले. लहानपणीच त्यांना पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात काम मिळाले. खेळपट्टी झाडावी, तिच्यावर रूळ फिरवावा, आणि सभासदांस सरावासाठी कधी कधी चार चेंडू टाकावे, हे ते काम. पगार महिना ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियन लोकांच्या पूना क्लबात गेले, तेथे ४ रुपये झाले. ग्रेग नावाचे एक पटाईत फलंदाज लष्करी अधिकारी होते. ते बाळूंच्या डावखुऱ्या गोलंदाजीवर नित्य सराव करीत, आणि बाळूंनी त्यांना बाद केले की दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली तर साहेबास आठ वेळा बाद करणे म्हणजे एका महिन्याचा पगार! तथापि त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट म्हणून कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम, आणि फळी धरणे हा साहेबाचा मान, अशी ती वाटणी होती.

पुढे पुण्याच्या हिंदू खेळाडूंना युरोपियनांशी सामने खेळावयाचे होते, आणि ते जिंकावयाचे तर बाळू पाहिजेत हे सर्वांस कळत होते. अस्पृश्य मानलेल्या मनुष्यास संघात घ्यावे की नाही ह्याचा पुष्कळ खल झाला. अखेर त्यांना घेतले. आता वाचकांनी येथे क्षणभर थांबून पुढील गोष्ट नीट मनात आणावी. मैदानावर तोच चेंडू बाळूंच्या हातून सुटे, तोच ब्राह्मण गड्याच्या हाती झेलला जाई, आणि पुन्हा बाळूंच्या हाती येई. त्याने कोणासही विटाळ होत नसे. परंतु चहाची वेळ झाली म्हणजे बाकीचे गडी मंडपाच्या आत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंना तो बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या पात्रात मिळे. जेवणाचे ताट निराळे आणि बसण्याची जागाही निराळी. चेंडू विटाळत नव्हता, पेला मात्र विटाळत होता!

ह्यास ढोंग म्हणून हसून सोडून देणे सोपे आहे. परंतु ह्यात एक पक्का हिशेब होता, तो ओळखला पाहिजे. चेंडूची त्यांना गरज होती, पेल्याची नव्हती. जेथे बाळूंच्या हाताचा उपयोग होता तेथे नियम शिथिल झाला, आणि जेथे उपयोग संपला तेथे तो जसाच्या तसा उभा राहिला. म्हणजे मान मनुष्यास मिळालाच नव्हता, तो त्याच्या उपयोगास मिळाला होता. आणि उपयोगाबद्दल जे दिले जाते त्यास आपल्या भाषेत मान म्हणत नाहीत, मजुरी म्हणतात. मजुरी घेणे हे काही वाईट नव्हे. घामाची मजुरी हक्काची आहे. परंतु मजुरीस मान समजणे ही देणाऱ्याची लबाडी असते आणि घेणाऱ्याची फसगत.

कोणी म्हणेल, ती आरंभीची गोष्ट झाली, पुढे कीर्ती वाढल्यावर सर्व बदलले असेल. काही अंशी बदललेही. बाळू मुंबईस गेले, तेथे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली, आणि हिंदू जिमखान्याच्या संघात ते खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता, व त्यांचे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला. तो संघ बहुतेक सामने हरला, परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. ज्या देशातून हा खेळ आला त्या देशात जाऊन, ३ रुपयांवर खेळपट्टी झाडणाऱ्या पोराने हे केले.

इतके झाले, तरी हिंदू संघाचे नायकपद त्यांना एकदाही मिळाले नाही. वर्षामागून वर्षे गेली, वडीलकी त्यांची, अनुभव त्यांचा, विजयही पुष्कळ त्यांच्याच हातचे, परंतु नायक दुसराच. कारण नायकाची आज्ञा ऐकावी लागते. ज्याच्या पेल्याचा विटाळ, त्याची आज्ञा कशी ऐकावयाची? १९२० साली तर वयाचे कारण पुढे करून बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा त्यांचे धाकटे बंधू शिवराम व विठ्ठल, जे त्या संघाचे आधारस्तंभ होते, त्यांनी जाहीर पत्रक काढून खेळण्याचे नाकारले. ह्या नकाराचा परिणाम झाला. बाळूंना परत बोलावून उपनायक करण्यात आले, आणि नायक पै हे सामन्यातील काही वेळ आपण होऊन मैदानाबाहेर राहिले, ते अशासाठी की तेवढा वेळ तरी संघ बाळूंच्या आज्ञेत चालावा. पुढे १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे नायक झाले, आणि त्या वर्षी चौरंगी सामन्यांत हिंदू संघ विजयी झाला. ह्या विठ्ठलरावांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले, ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. बाळू १९५५ साली वारले.

हा दोष केवळ आपल्याच देशाचा आहे असेही कोणी समजू नये. मिशन शाळांच्या अंगणात बास्केटबॉल नावाचा जो खेळ आपण पाहतो, तो १८९१ साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकाने शोधून काढला. पुढे त्या देशात तो पैशासाठी खेळला जाऊ लागला, आणि आज त्यातील नामांकित खेळाडू अमाप धन मिळवितात. त्या खेळात बिल रसेल नावाचे एक कृष्णवर्णी खेळाडू होऊन गेले. १९५७ पासून १९६९ पर्यंतच्या १३ हंगामांत त्यांच्या बोस्टनच्या संघाने ११ वेळा अजिंक्यपद मिळविले. परंतु १९६१ साली केंटकी प्रांतातील लेक्सिंग्टन शहरी हा संघ सामन्यासाठी गेला असता, त्यातील कृष्णवर्णी खेळाडूंना हॉटेलच्या उपाहारगृहात खाणे देण्याचे नाकारण्यात आले. संध्याकाळी ह्यांचाच खेळ पाहण्यास शहर जमावयाचे होते. रसेल व त्यांचे कृष्णवर्णी सोबती सामना न खेळता परत गेले. पुण्याचा मातीचा पेला आणि लेक्सिंग्टनची ती थाळी, ह्या दोहोंमध्ये अर्ध्या शतकाहून अधिक काळ आणि एक महासागर आहे, परंतु हिशेब तोच. रसेल १९६६ साली संघाचे प्रशिक्षक झाले. त्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत हे पद मिळविणारे ते पहिलेच कृष्णवर्णी गृहस्थ होत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या बापाचे म्हणणे खोटे होते काय? अगदीच खोटे म्हणता येणार नाही. गुण नसता तर बाळूंना मंडपाच्या बाहेरचा चहाही मिळाला नसता. गुणाने दार किलकिले होते, हे खरे आहे. म्हणून आपल्या मुलांच्या अंगी जो गुण असेल, तो चेंडूचा असो, सुताराच्या रंध्याचा असो किंवा पुस्तकाचा असो, तो वाढवावा ह्याविषयी माझे दुमत नाही. परंतु दार किलकिले होणे निराळे आणि घरात बसावयास पाट मिळणे निराळे. केवळ गुणाने जातीचा प्रश्न सुटतो असे मानले, तर त्यातून दोन अनर्थ होतात.

पहिला अनर्थ मान देणाऱ्याच्या ठायी होतो. एका बाळूच्या गळ्यात हार घातला की आपण सर्वांचे ऋण फेडले, असे त्यास वाटू लागते. “आम्ही भेद मानीत नाही, पाहा, अमक्याला आम्ही कसे डोक्यावर घेतले,” असे तो म्हणतो, आणि त्याच गावातील त्याच वस्तीच्या पाण्याची विचारपूस करीत नाही. दुसरा अनर्थ मान घेणाऱ्याच्या ठायी होतो. आपली किंमत आपल्या हातात आहे अशी त्याची समजूत होते. मग हात थकला, गुडघा दुखावला, डोळा मंद झाला, की तो स्वतःच्याच दृष्टीने कवडीमोल ठरतो. खेळाडूची उमेद फार तर पंधरा-वीस वर्षांची, आयुष्य त्याहून पुष्कळ लांब. ज्याने आपला सर्व मान खांद्यावर टांगला, त्याने खांदा झिजल्यावर काय करावे?

माझ्या मते पालवणकर बंधूंच्या चरित्रातील सर्वांत मोठा पराक्रम ते ११४ बळी नव्हेत. तो १९२० सालचा नकार होय. गुणाने त्यांना एक बळ दिले होते, म्हणजे आपल्यावाचून दुसऱ्याचे अडते हे बळ. ते त्यांनी अधिक पैसा मागण्यासाठी खर्च केले नाही. वडील भावास माणूस म्हणून वागवा, नाही तर आमचे चेंडूही तुम्हांस नकोत, एवढेच सांगण्यासाठी ते खर्च केले. गुणाचा असा उपयोग झाला म्हणजेच मजुरीचे रूपांतर मानात होऊ लागते. आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने पै ह्यांनी मैदानाबाहेर पाऊल टाकले, तेही मी लहान मानीत नाही. ज्याच्याकडे जागा आहे त्याने ती थोडी सोडल्यावाचून, ज्याच्याकडे नाही त्यास ती मिळत नसते. एकाने नाकारले आणि दुसऱ्याने सोडले, तेव्हा कोठे गाडा हलला.

बंधुभगिनींनो, हे सर्व वाचून आपण पुण्याच्या त्या जुन्या मंडपास नावे ठेवून मोकळे होऊ नये. आपल्याही मंडळ्यांतून, शहरात नोकरीस असलेला पाहुणा आला की त्यास आतील खोलीत चटई अंथरली जाते, आणि शेतावर राबून आलेला बंधू ओसरीवरच टेकतो. शिकलेल्या मुलीस आपण “बाई” म्हणतो, व तिच्या आईला एकेरी हाक मारितो. पेल्याचा आकार बदलला, हिशेब तोच राहिला.

केळशीच्या त्या बापास मी पुढे पत्राने उत्तर पाठविले. त्याचा सारांश असा: मुलास अवश्य खेळू द्या, शाळाही सोडू देऊ नका. त्याने गडी बाद केले तर आनंद करा. परंतु ज्या दिवशी एकही गडी बाद होणार नाही, त्या दिवशीही घरी त्याचे ताट त्याच जागी मांडा, आणि त्या वाळूवर जो मुलगा दर वेळी झेल सोडीत होता, त्यासही त्याच तांब्यातून पाणी द्या. खेळात नाव काढल्यावर जात कोणी विचारणार नाही, हे आपल्या हाती नाही. पण नाव न काढलेल्या मुलास आपण काय विचारतो, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.