कपाळावर १९१८

येशूच्या कपाळावर साल कोरले आहे : १९१८. नाक लांब आणि ताठ, ओठ जाड, एक डोळा मिटल्यासारखा. तळाशी कोरलेली ओळ पाहणाऱ्याला विचारते, ख्रिस्ताने तुम्हाला दर्शन दिले नाही का?

जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकार कार्ल श्मिट-रोटलुफ यांचे हे लाकडी ठशाचे मुद्राचित्र, नऊ चित्रांच्या संचातले. पहिल्या महायुद्धात १९१५ पासून ते पूर्व आघाडीवर सैन्यात होते. लाखो माणसे मारली गेल्यावर देवाचा चेहरा कसा काढायचा, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. प्रशियन सैनिकांच्या कंबरपट्ट्याच्या बकलावर ‘देव आमच्यासोबत’ अशी अक्षरे होती, आणि समोरच्या खंदकातले सैनिकही त्याच ख्रिस्ताची करुणा भाकत होते. अशा वेळी गोंडस, प्रसन्न येशू काढला असता, तर बकलावरच्या दाव्यालाच दुजोरा मिळाला असता.

लाकडी ठशावर शाईचा रूळ फिरवला की न कोरलेला उंच भाग काळा होतो. कोरून काढलेली जागा कागदावर पांढरी राहते. निघालेला टवका पुन्हा बसवता येत नाही. या येशूच्या मुखावर जेवढा उजेड आहे, तेवढा हत्याराचा घाव बसलेल्या जागीच आहे. यातना भोगणारा देव ही ख्रिस्ती श्रद्धेतली मूळ कल्पना इथे ठसा घडवण्याच्या रीतीतूनच उमटते.

मात्र शाई रांगडी असली म्हणजे अंतःकरण निर्मळ असतेच असे नाही. जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकार एमिल नोल्डे यांचा १९१२ मधला लाकडी ठशाचा ‘संदेष्टा’ पाहावा. खोल गेलेले डोळे, ओढलेले गाल, सारे हलवून टाकणारे. हेच नोल्डे पुढे नाझी पक्षाचे सदस्य झाले.

जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झ यांचा मुलगा पेटर याच युद्धात ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. त्यांच्या ‘युद्ध’ या सात मुद्राचित्रांच्या मालिकेत देव कुठेच नाही. ‘आईवडील’ या चित्रात गुडघ्यांवर आलेली दोन माणसे एकमेकांना बिलगून काळ्या शाईत एकजीव झाली आहेत. ती प्रार्थना करताहेत की कोसळली आहेत, हे ठरवता येत नाही.

बकलावरचा देव सैनिकाला आधीच तयार उत्तर देऊन मोकळा झाला होता. श्मिट-रोटलुफ यांचा येशू पाहणाऱ्यालाच जाब विचारतो. त्या संहारानंतर धार्मिक चित्राने निदान एवढे करायलाच हवे होते, आणि या चित्राने ते केले.