ज्यांच्या श्रद्धेवर लिहिले, त्यांचे उत्तर

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ मार्सेल ग्रिऑल यांनी १९४६ साली, आज मालीत असलेल्या दोगोन लोकांच्या सांगा परिसरात, ओगोतेमेली नावाच्या एका अंध, वृद्ध शिकाऱ्याशी ३३ दिवस संवाद केला. त्या संवादांचे पुस्तक १९४८ मध्ये फ्रान्समध्ये निघाले. आफ्रिकेतल्या एका शेतकरी समाजाकडे इतकी गुंतागुंतीची आणि सुसंगत विश्वोत्पत्तिकथा आहे, हे वाचून युरोप थक्क झाला. पुढे डच मानवशास्त्रज्ञ वॉल्टर व्हान बेक यांनी दोगोनांमध्ये वर्षानुवर्षे काम केले आणि १९९१ मध्ये 'करंट अँथ्रॉपॉलॉजी' या नियतकालिकात लिहिले की, ग्रिऑल यांनी मांडलेली ती कथा आपल्याला भेटलेल्या दोगोनांना ओळखीचीच वाटली नाही. त्यांची कारणमीमांसा मोलाची आहे. एकीकडे हट्टाने प्रश्न विचारणारा संशोधक आणि वसाहतीची सत्ता, दुसरीकडे बुद्धिमान, कल्पक माहितगार आणि पाहुण्याचे म्हणणे खोडून काढणे असभ्य मानणारी संस्कृती, अशा सगळ्यांच्या संयोगातून ते पुस्तक घडले, असे त्यांनी दाखवले. त्या नियतकालिकाची रीत अशी की, मोठ्या लेखासोबत इतर अभ्यासकांची भाष्ये आणि त्यांवर लेखकाचे उत्तरही छापायचे. व्हान बेक यांच्या लेखासोबतही मेरी डग्लस, क्लोद मेयासू अशा नामवंतांची भाष्ये छापली गेली. भाष्यकारांत एकही दोगोन नव्हता.

ही अनुपस्थिती आपण सहसा न्यायाच्या खात्यात टाकतो. आफ्रिकेवर अन्याय झाला, तो दूर व्हावा, असे म्हणतो आणि संशोधनाचा दर्जा हा वेगळा प्रश्न समजून पुढे जातो. मला ती ज्ञानाच्याच खात्यातली तूट वाटते. एखादा समाज कशावर श्रद्धा ठेवतो, मृत्यूचा, काळाचा, ईश्वराचा काय अर्थ लावतो, याविषयीचे विधान त्या समाजातल्या विचारी माणसांना वाचता येईल आणि खोडता येईल अशा जागी ठेवले नाही, तर त्याची परीक्षा अर्धीच झालेली असते. म्हणून आफ्रिकेविषयीचा शोधनिबंध कुठे छापायचा, कोणाकडे परीक्षणाला पाठवायचा, कोणाला परवडेल अशा किमतीत ठेवायचा, हे प्रश्न संपादकीय कार्यालयात सुटत असले तरी मुळात ते ज्ञानमीमांसेचे प्रश्न आहेत.

बेनिनचे तत्त्वज्ञ पोलें हुंतोंजी यांनी हे १९७६ मध्येच नेमके ओळखले होते. त्यांच्यासमोर होते बेल्जियन फ्रान्सिस्कन मिशनरी प्लासिद टेम्पल्स यांचे 'बांटू तत्त्वज्ञान'. काँगोमध्ये राहून टेम्पल्स यांनी लिहिलेल्या या पुस्तकाची फ्रेंच आवृत्ती १९४५ मध्ये निघाली. बांटू लोकांना तत्त्वज्ञान आहे आणि ते 'जीवनशक्ती' या कल्पनेवर उभे आहे, असा त्यांचा दावा. वसाहतवादाच्या काळात हे धाडसाचे विधान होते आणि अनेक आफ्रिकी लेखकांनी त्याचे स्वागतही केले. हुंतोंजींचा आक्षेप असा की, हे पुस्तक बांटूंविषयी आहे, पण बांटूंशी बोलत नाही. ते मिशनऱ्यांना आणि प्रशासकांना समजावते की या लोकांच्या मनात काय आहे. ज्याच्या विचाराची थोरवी सांगायची, तो माणूस मात्र संभाषणात विषय म्हणूनच उरतो. शिवाय लाखो माणसांच्या तोंडी एकच मत घातले जाते, जणू त्यांच्यात कधी मतभेद झालेच नाहीत. पुढे हुंतोंजींनी याची तुलना वसाहतींच्या अर्थव्यवस्थेशी केली: कच्चा माल आफ्रिकेतून जायचा, प्रक्रिया युरोपात व्हायची आणि पक्का माल परत यायचा. माहितीचेही तसेच झाले. टेम्पल्स यांची खरी तपासणी सुरू झाली ती रवांडाचे धर्मगुरू आलेक्सिस कागामे यांनी आपल्या भाषेच्या आधारे त्याच विषयावर १९५६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केल्यावर. कागामे यांचे निष्कर्षही वादग्रस्त ठरले आणि हुंतोंजींनी त्यांनाही सोडले नाही. विचार पुढे जातो तो असाच.

यावर पहिला आक्षेप तर्कशास्त्राचा आहे. विधान खरे की खोटे, हे ते कोणी केले, कुठे छापले आणि कोणी वाचले यावर अवलंबून नसते. भूगर्भशास्त्रज्ञ खडकाची संमती घेत नाही. खडकापुरते हे मान्य. पण खडकाला स्वतःविषयी काही मत नसते, श्रद्धा ठेवणाऱ्या माणसाला असते, आणि ते मत अभ्यासविषयाचाच भाग असते. आचार बाहेरून दिसतो, अर्थ मात्र सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या बोलण्यातून ठरतो. ते बोलणे मध्येच तोडले की राहिलेल्या अर्थाला पारखायला कोणी उरत नाही. यात काय हरवते हे आपल्याला चार्वाकांकडे पाहून कळावे. त्यांचे ग्रंथ जवळजवळ सगळे नाहीसे झाले. आपण त्यांना ओळखतो ते १४व्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तून आणि इतर विरोधकांनी मांडलेल्या पूर्वपक्षांतून. त्या मांडणीत चार्वाक जवळपास नेहमीच हरण्यासाठी येतो. विरोधकांनी मुद्दाम खोटे लिहिले असे म्हणण्याची गरजही नाही. ज्याचे म्हणणे मांडले जात आहे तो समोर नसला, की मांडणी आपोआप सोपी होत जाते.

आंतरशाखीय नियतकालिकांनी ही अडचण सोडवायला हवी होती, कारण त्यांचा जन्मच त्यासाठी झाला होता. 'आफ्रिका' हे नियतकालिक १९२८ मध्ये लंडनमध्ये सुरू झाले आणि भाषा, समाज, धर्म, कायदा अशा शाखा त्याने एका अंकात आणल्या. धर्माच्या अभ्यासाला हे मानवते, कारण तो एका शाखेच्या मुठीत मावत नाही. पण शाखा वाढल्या म्हणून बोलणारे बदलले असे झाले नाही. १९६७ मध्ये याच नियतकालिकात रॉबिन हॉर्टन यांचा आफ्रिकी पारंपरिक विचार आणि पाश्चात्त्य विज्ञान यांची तुलना करणारा दोन भागांतला प्रसिद्ध निबंध आला. हॉर्टन नायजेरियात राहणारे, तिथल्या लोकांविषयी मनापासून आदर असलेले अभ्यासक होते आणि निबंध आजही वाचण्याजोगा आहे. अशा तुलनांच्या पायातच एक चूक होती, ती घानाचे तत्त्वज्ञ क्वासी विरेडू यांनी दाखवली. आफ्रिकेतल्या सामान्य लोकांच्या समजुती एका पारड्यात आणि युरोपचे प्रयोगशाळेतले विज्ञान दुसऱ्यात, ही तुलनाच चुकीची; लोकसमजुतींची तुलना करायची तर युरोपातल्या लोकसमजुतींशी करा. विरेडूंचा हा निबंध १९७६ मध्ये 'चिंदाबा'त आला. 'चिंदाबा' म्हणजे भारतीय वंशाचे रजत नियोगी यांनी १९६१ मध्ये कंपालात सुरू केलेले 'ट्रान्झिशन', नवे नाव घेतलेले. सरकारवर टीका छापल्याबद्दल १९६८ मध्ये युगांडा सरकारने नियोगींना तुरुंगात टाकले होते. विरेडूंचा आक्षेप आज सोपा वाटतो. पण ज्याच्या घरच्या विचाराला त्या तराजूत बसवले होते त्यानेच तराजू तपासला, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही.

मग केवळ आफ्रिकी माणसानेच आफ्रिकेविषयी लिहावे का? अजिबात नाही, आणि याला पुरावा केनियाचे धर्मअभ्यासक जॉन म्बिती यांचा आहे. १९६९ च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात म्बितींनी मांडले की, आफ्रिकी विचारात काळाला लांबलचक भूतकाळ आणि वर्तमान असतो, दूरचे भविष्य जवळपास नसते. आधार होता प्रामुख्याने पूर्व आफ्रिकेतल्या भाषांचा, निष्कर्ष मात्र साऱ्या खंडाचा. घानाचे तत्त्वज्ञ क्वामे ज्येच्ये यांनी अकान लोकांच्या विचाराचे दाखले देऊन हे सार्वत्रिक विधान खोडले. म्बिती आफ्रिकी होते म्हणून त्यांची चूक टळली नाही. ती दुरुस्त झाली कारण ज्यांच्याविषयी ते बोलले त्यांच्यातला एक जण वाचणारा आणि उत्तर देणारा होता. लेखकाचा जन्म कुठला, यापेक्षा त्याचे विधान कोणाच्या हाती पडते, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

या दिशेने सर्वांत धाडसी पाऊल मला नैरोबीचे तत्त्वज्ञ हेन्री ओडेरा ओरुका यांचे वाटते. त्यांनी केनियातल्या खेड्यांतल्या ज्ञानी स्त्री-पुरुषांशी संवाद केले आणि ते त्यांच्या नावांसह छापले. परंपरा नुसती सांगणारा आणि परंपरेला प्रश्न विचारणारा, असा भेद त्यांनी केला. पॉल म्बुया अकोको हे लुओ ज्येष्ठ त्यांना सांगतात की, ईश्वर सर्वांचा एकच असला पाहिजे, प्रत्येक जमातीचा वेगळा असता तर निसर्गाचे नियम सगळीकडे सारखे राहिले नसते. हा युक्तिवाद आहे, लोककथा नाही. तो पटला नाही तर अकोकोंशी वाद घालता येतो, 'लुओंची श्रद्धा' अशा निनावी गठ्ठ्याशी घालता येत नाही. टीकाकार म्हणाले की, तत्त्वज्ञाने विचारलेल्या प्रश्नांमुळेच ते तत्त्वज्ञान बाहेर पडले, मग ते नक्की कोणाचे? टीका रास्त आहे. पण असा प्रश्न विचारता येतो तो ओरुकांनी प्रश्न आणि उत्तर दोन्ही उघड छापले म्हणूनच.

दुसरा आक्षेप दर्जाचा. प्रतिष्ठित नियतकालिकांचे परीक्षण कठोर असते, पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके जगभर बोकाळली आहेत, तेव्हा स्थानिक प्रकाशनाचा आग्रह म्हणजे दर्जाशी तडजोड, असे म्हटले जाते. बोगस नियतकालिकांविषयीचा राग मलाही आहे. पण कठोरपणा पत्त्यातून येत नाही. युगांडाचे कवी ओकोट प'बितेक यांनी आफ्रिकी धर्मांच्या पाश्चात्त्य अभ्यासावर केलेली झणझणीत टीका नैरोबीतून निघाली आणि पाश्चात्त्यांसोबत म्बितींनाही तिने सोडले नाही. डाकारमधली कोडेस्रिया ही संस्था १९७३ पासून खंडातल्या संशोधकांना प्रकाशनाचे व्यासपीठ देते आहे, आणि १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन'ने शेकडो नियतकालिके वाचकांपर्यंत पोहोचवली आहेत. उलट २०१६ मध्ये ब्रिटनच्या 'आफ्रिकन अफेअर्स'मध्ये आलेल्या अभ्यासाने, त्या नियतकालिकाचाही समावेश करून, १९९३ ते २०१३ या काळाविषयी दाखवले की, आफ्रिकेत राहणाऱ्या लेखकांचे लेख येण्याचे प्रमाण वाढत असताना छापून येण्याचा वाटा घटत होता. हा हिशेब त्या नियतकालिकाने स्वतःच्या पानांवर छापला, याचा मला आदर वाटतो. सगळेच नाकारलेले लेख चांगले होते, असे कोणी म्हणणार नाही. मात्र परीक्षक ज्या चर्चेला 'ताजी' समजतात ती महागड्या वर्गणीमागे बंद असेल, आणि खुले प्रकाशन लेखकाकडून हजारो डॉलर मागत असेल, तर नकारातून लेखाच्या गुणवत्तेइतकीच ग्रंथालयाची ऐपतही मोजली जाते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. समाजाने उत्तर द्यायचे म्हणजे कोणी? पुष्कळदा गावातले प्रतिष्ठित पुरुष, धर्माचे अधिकारी, सत्तेच्या जवळचे लोकच बोलतात. बायका, तरुण, परंपरा नाकारणारे गप्प राहतात. अशा उत्तराला निर्णायक मानले तर संशोधनच त्या अधिकाऱ्यांच्या मुठीत जाईल. म्हणूनच उत्तर देण्याचा हक्क आणि नकाराधिकार यांत फरक केला पाहिजे. लेख रोखण्याचा अधिकार कोणालाही नको; खोडण्याची संधी शक्य तितक्या अधिक जणांना हवी. ओगोतेमेलींचे म्हणणे साऱ्या दोगोनांचे ठरवणे ही एक चूक होती. उद्या दुसऱ्या कोण्या एकाच दोगोनाच्या नकारावर विसंबणे ही तीच चूक ठरेल. उत्तरे आपसांत भांडू लागली तर बिघडत नाही, कारण जिवंत धर्म आतून असाच भांडत असतो.

मुंबई विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचे केंद्र आहे, आणि मराठी घरांतली मुले-मुली आता परदेशी विद्यापीठांतूनही या विषयात संशोधन करतात. आपणही वसाहतीचे प्रजाजन होतो, एवढ्याने आपण या चुकीपासून वाचत नाही. आपला शोधनिबंधही टेम्पल्सच्या पुस्तकासारखा दूरच्या वाचकांनाच उद्देशून लिहिला जाऊ शकतो. तेव्हा या तरुण संशोधकांना माझी विनंती आहे. निबंध लंडनला किंवा न्यूयॉर्कला पाठवायचा तर जरूर पाठवा, पण त्याची खुली प्रत नैरोबी, इबादान, डाकारच्या ग्रंथालयांपर्यंत जाईल याची सोय आधी करा. संमती असेल तर माहितगारांची नावे छापा. निष्कर्षांचा सारांश स्वाहिली, हौसा किंवा जी भाषा असेल तिच्यात त्यांना वाचून दाखवा. ते जे खोडतील, ते त्यांच्या नावानिशी निबंधातच छापा.